कधी चालू होतो, कधी होत नाही : असेंबल्ड कॉम्प्युटरचा लपलेला दोष कसा पकडायचा

कॉम्प्युटर असेंब्ली आणि रिपेअरिंगचं दुकान टाकायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. व्हिडिओत स्क्रू-ड्रायव्हर कुठे फिरवायचा ते दाखवलं. डोकं कुठे फिरवायचं ते इथे जरा सविस्तर लिहितो.

साफ बंद पडलेला कॉम्प्युटर आला तर घाबरू नका, ते सोपं काम आहे. पार्ट बदलला, चालू झाला, पैसे घेतले. खरी परीक्षा असते "कधी चालू होतो, कधी नाही" या तक्रारीची. कारण तुमच्या टेबलावर तो हमखास चालू होतो! तुम्ही म्हणता, "काही नाही, ठीक आहे." गिऱ्हाईक घेऊन जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. असे दोन-तीन फोन झाले की त्या गल्लीत तुमचं नाव झालंच म्हणून समजा, पण नको त्या अर्थानं.

आपल्या बॅचमधल्या एका मुलाचंच उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी त्याचं नवं दुकान. एका डीटीपीवाल्याला त्यानं कॉम्प्युटर बांधून दिला. रायझन ५ ५६००जी प्रोसेसर, चार स्लॉटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ ३२०० रॅम, ४५० वॅटचा एसएमपीएस आणि एसएसडी. सगळा माल नवा. पंधरा दिवसांनी तक्रार सुरू झाली : सकाळी बटण दाबलं की पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. दोन-तीन वेळा बंद-चालू केलं की लागतो, आणि मग रात्रीपर्यंत काही त्रास नाही. लग्नसराई तोंडावर आलेली, पत्रिकांची कामं पडलेली, आणि डीटीपीवाला रोज सकाळी फोन करून विचारणार, "दादा, आज लागेल का हा?"

मुलानं काय केलं? जे बहुतेक जण करतात तेच. दुपारी मशीन दुकानात आणलं, चालू केलं, लागलं. तरी शंका म्हणून पदरचे पैसे घालून रॅम बदलली. दोन दिवसांनी पुन्हा फोन. मग एसएमपीएस बदलला. पुन्हा फोन. त्या मशीनवर जे काही सुटलं होतं ते सगळं गेलं, वर खिशातून गेलं ते वेगळं. मला फोन केला तेव्हा मदरबोर्ड बदलायच्या तयारीत होता.

मी त्याला विचारलं, "बंद कधी पडतो ते लिहून ठेवलंयस का?" नव्हतं लिहिलं. इथेच गाडी अडते. अधूनमधून येणाऱ्या दोषात पार्टपेक्षा वेळ महत्त्वाची असते. त्यामुळे मशीन उघडण्याआधी गिऱ्हाइकाला चार गोष्टी विचारा. दिवसाचं पहिलंच बटण दाबताना होतं की मध्येच कधीही? रीस्टार्ट केला तरी होतं का? काळ्या स्क्रीनवर अडकतो की विंडोजचं चिन्ह येऊन मग अडकतो? आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करता का? उत्तरं जॉब कार्डवर लिहा, त्याच्याच शब्दांत लिहा.

विंडोजचं चिन्ह दिसलं याचा अर्थ मदरबोर्डची स्वतःची तपासणी, जिला पोस्ट म्हणतात, ती पार पडली आहे. मग संशय जातो एसएसडी, तिची केबल, ड्रायव्हर आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप यांच्यावर. (फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन हे पूर्ण शटडाउन नसतं, हे कितीतरी मेकॅनिकना माहीत नसतं.) चिन्हाच्या आधीच अडकत असेल तर विंडोज निर्दोष आहे. तिथे विंडोज पुन्हा टाकून दिवस घालवू नका. मग बघायचं रॅम, वीज, प्रोसेसर, ग्राफिक्स आणि बोर्ड.

बऱ्याच नव्या बोर्डांवर एका कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात : सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट. मशीन अडकलं की यातला एक दिवा पेटून राहतो. गिऱ्हाइकाला सांगायचं, "उद्या लागला नाही तर बंद करू नका, आधी मोबाइलवर फोटो काढून पाठवा." फुकटात निम्मा दोष सापडतो. दिवे नसतील तर छोटा बझर स्पीकर लावून बीप मोजा.

डीटीपीवाल्यानं फोटो पाठवला. डीरॅमचा दिवा पेटलेला. मुलगा म्हणाला, "सर, पण रॅम तर बदलली ना मी!" बदलली होती. पण लावली होती त्याच स्लॉटमध्ये.

आता नीट बघा. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोनच रॅम असतील तर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डच्या पुस्तिकेत तसं चित्र असतं. यानं लावल्या होत्या पहिल्या आणि तिसऱ्या. तशाही मशीन चालतं, म्हणून तर फसायला होतं. वर त्यानं बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून रॅम पूर्ण ३२०० वर ठेवली होती. चालू होताना बोर्ड रॅमशी वेगाची जुळणी करून घेतो, तिला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. चुकीच्या स्लॉटमुळे ही जुळणी काठावर आली होती. रात्रभर थंड पडलेल्या मशीनवर ती फसायची, दोन-तीन प्रयत्नांत जमायची. रीस्टार्टमध्ये बरेच बोर्ड ही जुळणी पहिल्यापासून करत नाहीत, म्हणून दिवसभर सगळं आलबेल.

मग मुलाच्या दुकानात का लागायचा? मशीन सकाळभर चालून दुपारी त्याच्याकडे यायचं. आणि त्याच्या टेबलाची वीज रात्रीही चालूच असायची. डीटीपीवाला मात्र रोज रात्री बोर्डाचं बटण बंद करूनच शटर ओढायचा. म्हणजे दोष ज्या परिस्थितीत येतो, ती परिस्थिती मुलानं एकदाही उभी केली नव्हती.

मी त्याला लगेच स्लॉट बदलू दिले नाहीत. का? तर नवी रॅम, नवा एसएमपीएस आणि नवे स्लॉट, एवढं सगळं एकदम बदललं तर बरं कशानं झालं ते कधीच कळणार नाही. म्हणून आधी डीटीपीवाल्याचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतला. मशीन चालू आहे तोवर हे पहिलं काम, आणि परवानगी घेऊनच. त्याला कामापुरता एक जुना कॉम्प्युटर दिला. मग मूळ रॅम आणि मूळ एसएमपीएस पुन्हा लावले, रॅम त्याच चुकीच्या स्लॉटमध्ये, आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद. सकाळी दोष हजर! दोष दिसल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. मग फक्त रॅमची जागा बदलली, बाकी कशाला हात नाही. सलग पाच सकाळी मशीन पहिल्या बटणाला लागलं.

प्रत्येक वेळी रॅमच असेल असं नाही, बरं का. थंड असताना न लागणं हे म्हाताऱ्या एसएमपीएसचंही लक्षण आहे. त्यातले कॅपॅसिटर कमजोर झाले की सकाळी दोन-तीन झटक्यांनी मशीन लागतं. चार-पाच वर्षं जुना एसएमपीएस असेल तर माझा पहिला संशय त्याच्यावरच. चालू मशीनवर मल्टिमीटरनं मोजा : १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये. पण मीटरवर आकडे बरोबर दिसले म्हणून एसएमपीएस निर्दोष सुटत नाही, कारण क्षणभराची पडझड साध्या मीटरला दिसत नाही. खात्रीचा दुसरा एसएमपीएस लावून बघणं हीच खरी तपासणी. आणि एसएमपीएस उघडायचा नाही, म्हणजे नाही. प्लग काढल्यावरही आत जीवघेणा चार्ज राहू शकतो.

तारीख-वेळ मागे जात असेल तर सीआर२०३२ सेल बदला. बटण दाबून काहीच हालचाल नसेल तर कॅबिनेटच्या बटणाची वायर काढून बोर्डवरच्या त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरनं क्षणभर जोडा. लागला तर बटण खराब. प्रोसेसरजवळचा ८ पिनचा प्लग कट्‌ आवाज येईपर्यंत बसलाय ना? बोर्डाखाली जादा पितळी स्टँडऑफ राहिलेला नाही ना? नव्यानं बांधलेल्या मशीनमध्ये माल खराब निघण्याआधी आपलाच हात चुकलेला असू शकतो, हे मान्य करायला जरा जड जातं. डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू होताना काही मिनिटं काळी स्क्रीन राहू शकते. घाईनं बंद करू नका, ट्रेनिंग चालू असतं.

गिऱ्हाइकाच्या जागेवरच दोष येत असेल तर तिथलं प्लग पॉइंट मोजा. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवायला सांगा. ते काम आपलं नाही.

आता पैशांचं. अशा कामात पार्ट शून्य रुपयांचा आणि वेळ आठवड्याचा जातो. त्यामुळे तपासणी फी आधी सांगा, जॉब कार्डवर लिहा आणि सही घ्या : "दोष कधीतरी येणारा आहे, तपासणीला तीन ते पाच दिवस लागतील, तपासणी फी इतकी, पार्ट लागल्यास विचारून." तुमच्या गावात परवडेल ती रक्कम ठरवा, पण फुकट करू नका. अपवाद एकच : मशीन तुम्हीच बांधलेलं असेल आणि चूक तुमची निघाली तर एक रुपया घ्यायचा नाही. मुलानं डीटीपीवाल्याला स्पष्ट सांगितलं, "रॅम मीच चुकीच्या जागी लावली होती." पैसे घेतले नाहीत. डीटीपीवाला थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "माझ्या भावाच्या ऑफिसात दोन मशीन घ्यायचीत, कोटेशन दे."

जादा आणलेली रॅम आणि एसएमपीएस दुकानदारानं परत घेतले नाहीत. ते आता त्याच्या टेबलाखाली एका डब्यात आहेत. डब्यावर मार्करनं लिहिलंय, "खात्रीचा माल, विकायचा नाही." पुढचं कधी-लागतो-कधी-नाही मशीन आलं की पहिला हा डबा उघडतो.