पाण्यातला खुंटा

उंदराचा पिंजरा तुम्ही घरी लावलेला पाहिला असेल. कांदाभज्याचा तुकडा आत अडकवायचा आणि पिंजरा फडताळाखाली सरकवायचा, की झाले काम. त्याला कोणी साखळी बांधत नाही, की खुंटी ठोकून जखडून ठेवत नाही. उंदीर पिंजरा घेऊन पळून जाईल, अशी भीतीच नसते.

आता अशी कल्पना करा, की हा उंदीर १६ ते ३० किलोग्रॅम वजनाचा आहे, तो पाण्यात राहतो आणि दातांनी झाडे पाडतो. असा प्राणी खरोखरच आहे. त्याचे नाव बीव्हर. उंदीर, घूस, खार यांच्याप्रमाणेच तो कृंतक वर्गातला, म्हणजे कुरतडणारा प्राणी आहे. आपल्या देशात तो आढळत नाही. एक जात उत्तर अमेरिकेत आणि दुसरी युरोप-आशियाच्या उत्तर भागात राहते. ओढ्यावर फांद्या आणि चिखल यांचा बांध घालून तो तळे तयार करतो आणि त्या तळ्यात आपले घर बांधतो. घराची दारे पाण्याखाली असतात.

बीव्हरच्या कातडीवर लांब राठ केसांखाली दाट, मऊ लोकर असते. या लोकरीपासून उत्तम नमदा होतो आणि नमद्याच्या हॅट होतात. युरोपातील या हॅटच्या हौसेपायी उत्तर अमेरिकेत दोनशेहून अधिक वर्षे बीव्हर मारले गेले. हडसन्स बे कंपनी ही प्रसिद्ध व्यापारी कंपनी १६७० साली निघाली, तिचा मुख्य व्यापार याच कातड्यांचा. १८३० नंतर रेशमी हॅटची चाल पडली, तोपर्यंत कित्येक नद्या बीव्हरविना ओस पडल्या होत्या. ही शिकार मुख्यतः बंदुकीने नव्हे, तर सापळ्याने झाली, आणि सापळ्याचे सारे कसब तो कोठे व कसा खिळवायचा यात होते.

त्या काळच्या रॉकी पर्वतातील शिकाऱ्यांची पद्धत पाहू. सापळा पोलादी, सुमारे ५ पौंड म्हणजे २.२५ किलोग्रॅम वजनाचा. मधल्या तबकडीवर पाय पडला, की स्प्रिंगच्या जोराने दोन जबडे मिटतात. त्याला ५ फूट, म्हणजे दीड मीटर लांबीची साखळी आणि साखळीच्या टोकाला एक कडी. शिकारी पाण्यातूनच चालत येई. काठावर पाऊल टाकले तर माणसाचा वास राहतो. काठाजवळ पाण्याखाली १२ ते १५ सेंटिमीटरवर तो सापळ्यापुरती जागा खणून सपाट करी. मग साखळी प्रवाहाच्या मध्याकडे ताणून तिच्या टोकाशी, कडीतून सुमारे ६ फुटी खुंटा चिखलात खोल ठोकी. सापळ्याच्या वर एक काडी खोचून तिला बीव्हरच्याच शेपटीजवळच्या पिशव्यांतून निघणारे कॅस्टोरियम हे उग्र वासाचे द्रव्य लावी. प्रत्येक बीव्हर-कुटुंब या वासाने आपली हद्द आखते. परका वास आला, की चौकशीला येणे भागच असते. येणारा बीव्हर नेमका तबकडीवर पाय ठेवतो.

आता प्रश्न असा, की खुंटा काठावर का नाही ठोकायचा? तेथे तो ठोकणे सोपे आणि जमीनही घट्ट.

याचे उत्तर बीव्हरच्या शरीरात आहे. पाण्यात शिरताच त्याचे कान आणि नाकपुड्या झडपांनी बंद होतात. डोळ्यांवर पारदर्शक पापणी येते. ओठ पुढच्या दातांच्या मागे मिटतात, त्यामुळे तोंडात पाणी न जाता त्याला पाण्याखालीही कुरतडता येते. तो पंधरा मिनिटांपर्यंत पाण्याखाली राहू शकतो. जमिनीवर मात्र तो संथ आणि असहाय. म्हणून संकट आले, की तो शेपटी पाण्यावर फटकन आपटतो आणि खोल पाण्यात बुडी मारतो. शिकारी या उपजत सवयीचाच फायदा घेई. पाय अडकलेला बीव्हर आपण होऊन खोल पाण्याकडे, म्हणजे खुंट्याकडे धाव घेतो आणि लोखंडाच्या वजनाने दमून बुडतो. खुंटा काठावर असता, तर तो काठावर येऊन धडपड करता आणि पाय पिळवटून, प्रसंगी पंजा गमावूनही निसटता.

वजनाचा येथे थोडा हिशेब करा. पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट आहे. २.२५ किलोग्रॅमचा सापळा जवळजवळ ०.२९ लिटर पाणी बाजूला सारतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार पाण्यात त्याचे वजन तेवढे कमी, म्हणजे सुमारे १.९६ किलोग्रॅम भरेल. एका पायाला दोन किलोचे ओझे बांधून तुम्हाला विहिरीत पोहायला सांगितले, तर काय होईल ते तुम्हीच ठरवा.

खुंट्याचे लाकूडही पारखून घ्यावे लागे. विलो किंवा अॅस्पेनची ओली काठी हाताशी असते, पण तीच बीव्हरचे अन्न! तिची साल तो आवडीने खातो, म्हणजे खुंटाच फस्त व्हायचा. म्हणून खुंटा वाळलेल्या लाकडाचा. त्याचा दुसरा उपयोग असा, की जोरदार जनावराने तो उपटलाच, तर वाळके लाकूड पाण्यावर तरंगते आणि सकाळी शिकाऱ्याला सापळ्याची जागा दाखवते.

तरीही या रचनेत एक उणीव आहे. वहीत आकृती काढून पाहा. खुंटा केंद्र धरून साखळीच्या लांबीएवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढा. ते सापळ्याच्या मूळ जागेतूनच जाते. म्हणजे ताकदवान बीव्हर पुन्हा उथळ पाण्यात येऊन श्वास घेऊ शकतो. नंतरच्या शिकाऱ्यांनी यावर सरकत्या तारेचा उपाय काढला. तारेचे एक टोक काठावर, दुसरे खोल पाण्यात वजनाला किंवा लोखंडी मेखेला बांधलेले. सापळ्याची साखळी भोक पाडलेल्या, काटकोनात वाकवलेल्या पट्टीला जोडतात आणि त्या भोकातून तार जाते. ओढ खोल पाण्याकडे असली, की भोकाची बाजू तारेशी काटकोनात राहते आणि पट्टी सहज सरकते. ओढ उलटी लागली, की पट्टी तिरपी होते, भोकाच्या कडा तारेला चावतात आणि पट्टी अडकते. स्काउटच्या तंबूची दोरी ताणणारा भोकांचा लाकडी तुकडा तुम्ही हाताळला असेल, त्यातले घर्षण हेच.

यंत्र म्हणून हे चोख आहे. पण ज्या प्राण्याला पंधरा मिनिटे श्वास रोखता येतो, त्याला बुडून मरायला किती वेळ लागत असेल याचा विचार केल्यावर ते मला आवडत नाही. हा आक्षेप खुद्द एका शिकाऱ्यालाही होता. कॅनडात सापळे लावणाऱ्या फ्रँक कोनिबेअर याने बऱ्याच वर्षांच्या खटपटीनंतर पाय न पकडता मानेवर आघात करून झटपट मारणारा दुहेरी चौकटीचा सापळा तयार केला. तो १९५०-६० या दशकाच्या अखेरीस बाजारात आला. येथे खुंट्याचे काम बदलते. बीव्हरच्या ये-जा करण्याच्या पाणवाटेत दोन वाळक्या काठ्या रोवून सापळा ताठ उभा धरायचा. काठ्या हलल्या आणि सापळा कलला, तर फटका मानेऐवजी पोटावर बसतो आणि झटपट मृत्यूचे सारे गणित फसते. युरोपीय संघाने पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर बंदी घालणारा नियम १९९१ साली केला.

मात्र आज बीव्हर जिवंत पकडण्याचीही गरज पडते. कारण त्याचे बांध पाणी अडवतात, गाळ धरतात, उन्हाळ्यात ओढा वाहता ठेवतात. तेच बांध शेताजवळ झाले, तर शेत बुडवतात. म्हणून नको तेथून उचलून हवे तेथे नेणे. स्कॉटलंडमधील नॅपडेलच्या जंगलात २००९ साली नॉर्वेहून आणलेले बीव्हर सोडले गेले, ते असेच.

जिवंत पकडण्याचा पिंजरा जाळीचा, उघडलेल्या सुटकेससारखा असतो. बीव्हर मध्ये आला, की तो मिटतो. आणि येथे खुंट्याचा नियम अगदी उलटा होतो. पिंजरा काठाशी उथळ पाण्यात ठेवायचा, मिटल्यावर त्याचा वरचा भाग पाण्याबाहेर राहील अशा बेताने. साखळी काठावरच्या झाडाला किंवा मेखेला आखूड बांधायची, म्हणजे आतल्या धडपडीने पिंजरा खोल पाण्यात घसरणार नाही. रात्री वर पाऊस पडून पाणी हातभर चढले, तर आतला बीव्हर बुडेल. म्हणून आभाळ पाहूनच पिंजरा लावायचा आणि भल्या पहाटे जाऊन पाहायचा. बीव्हर निशाचर असल्याने तो बहुधा रात्रीच सापडतो आणि थंड पाण्यात फार वेळ अडकून राहिला, तर गारठूनही मरतो. शिवाय नर-मादी जन्माचे जोडीदार असतात, पिले दोन वर्षे घरी राहतात. तेव्हा एकाला उचलून भागत नाही, सारे कुटुंब पकडावे लागते.

लाकडाचा प्रश्न येथेही सुटत नाही! अमेरिकेतील आयडाहो राज्यात १९४८ साली ७६ बीव्हर विमानातून हवाई छत्रीने दुर्गम डोंगराळ भागात उतरवण्यात आले, कारण खेचरांच्या पाठीवरील उन्हातल्या प्रवासात ते दगावत. आधी विलोच्या फांद्यांची विणलेली खोकी वापरायचा विचार होता. जमिनीवर उतरल्यावर बीव्हर ती कुरतडून बाहेर येतील, ही कल्पना. पण ते विमानातच कुरतडून बाहेर आले तर? मग छत्रीच्या दोऱ्या ताणलेल्या असेपर्यंत मिटलेली राहणारी आणि जमिनीला टेकताच उघडणारी लाकडी खोकी तयार झाली. चाचणीसाठी जेरोनिमो नावाच्या एका वयस्क नराला पुन्हा पुन्हा खाली सोडण्यात आले. शेवटी तोही तीन तरुण माद्यांबरोबर रवाना झाला. खोके उघडताच माद्या नवी जागा पाहायला बाहेर पडल्या. जेरोनिमो मात्र बराच वेळ आतच बसून राहिला.