नव्या रिव्हॉल्व्हरवरचे चरे

कानपूरच्या आयुध निर्माणीचं .३२ बोअरचं नवं रिव्हॉल्व्हर घरी आलं, की काही दिवस त्याची निळसर काळी झिलई न्याहाळण्यातच जातात. मग पहिला चरा दिसतो आणि जीव हळहळतो. बोरिवलीच्या खाडीकडच्या दमट हवेत परवान्याचं हत्यार सांभाळताना जे कळलं, ते नव्या परवानाधारकांसाठी लिहितो आहे.

१. ही झिलई रंगाची नसते. ब्ल्यूइंग म्हणजे लोखंडाच्याच काळ्या ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. तो एकटा गंज अडवू शकत नाही. अडवतं ते त्यात मुरलेलं तेल. म्हणून चरा दिसला की आधी हत्यार रिकामं आहे का ते पाहावं, मग तिथे गन ऑइलचं बोट फिरवावं. जुलैत उघड्या पडलेल्या पोलादावर तांबूस ठिपका यायला फार वेळ लागत नाही. खरा शत्रू तो ठिपका आहे, चरा नव्हे.

२. काही खुणा वापराच्याच असतात. सिलिंडरभोवती उमटणारी बारीक चकचकीत रेघ ही त्यातलीच. ब्रिटिश वेब्लीच्या धर्तीचं हे रिव्हॉल्व्हर मधून मोडून उघडतं, त्यामुळे वरच्या खटक्याची जागाही घासून पांढरी पडते. तिकडे लक्ष देऊ नये. सिलिंडरच्या खाचांच्या कडा उचलल्या गेल्या असतील, तर मात्र कारागिराला दाखवावं.

३. नळीच्या तोंडाची कड जपा. बाहेरच्या दहा चऱ्यांनी नेम बिघडत नाही, त्या कडेला बसलेल्या एका टोल्याने बिघडू शकतो.

४. चामड्याचं होल्स्टर नेण्यापुरतंच. चामडं ओल धरतं आणि ते कमावताना वापरलेले क्षार त्यात उरलेले असतात. पावसाळाभर त्यात पडून राहिलेलं हत्यार बाहेर काढलं, की होल्स्टरच्या आकाराचाच गंज दिसतो. आत शिरलेली धूळ वेगळीच, प्रत्येक वेळी हत्यार आत-बाहेर करताना ती पॉलिश पेपरचं काम करते. घरी सुती कापडाने तेलाचा हलका हात फिरवून ठेवावं. कपाट बाहेरच्या भिंतीला लागून नसावं, शेजारी सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात आणि त्या वेळेवर बदलाव्यात. हात लावला की पुसायचं, कारण घामात मीठ असतं.

५. घरगुती रंगकाम जपून. बाटलीतलं कोल्ड ब्ल्यू बारीक चऱ्यापुरतं ठीक आहे. पण त्यात बहुधा सेलेनियमचं विषारी संयुग असतं, रंग तंतोतंत जुळत नाही आणि टिकतही नाही. मोठं काम परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडेच द्यावं. नंबराच्या जागी तर पॉलिश पेपर अजिबात लावू नये. १९५९च्या शस्त्र कायद्यातलं कलम ८ कडक आहे: नंबर पुसलेला आढळला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो ज्याच्याजवळ हत्यार आहे त्यानेच पुसला, असं गृहीत धरलं जातं.

६. निवडणुकीचा काळ. २०२४ साली मुंबईत मे महिन्यात लोकसभेचं आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभेचं मतदान झालं. अशा वेळी आदेश आला की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करावं लागतं, आणि सगळ्यात वाईट चरे मला तिथेच मिळाले. इतर हत्यारांच्या ढिगात ते पडून होतं आणि ओळखीच्या चिठ्ठीची तार नळीवर घासली होती. आदेशाला माझा विरोध नाही, पण इतकी महागाची आणि जोखमीची वस्तू अशी ठेवू नये. आता मी देताना तेल लावून, जाड सुती पिशवीत घालून देतो, दोन्ही बाजूंचे फोटो काढतो आणि हत्याराची स्थिती पावतीवर लिहून घेतो. तुम्हीही घ्या. आणि जमा करून घेणाऱ्यांना एकच विनंती: चिठ्ठी पिशवीला बांधा, हत्याराला नको.