पोलादी दोर आणि बिडाची कप्पी

आळंद, अक्कलकोट व उमरगा या सीमाभागात विहीर खणताना दगडमाती यारीने वर काढतात. भरलेली बादली वर व माणसे खाली असल्याने दोर आणि कप्पी यांची निगा महत्त्वाची ठरते.

बीड पोलादी तारांहून मऊ असल्याने सहसा कप्पीच आधी झिजते. ती फिरती असेल तोवर झीज अल्प होते. अडकली की दोर घासून खोल खाच पडते. वापराने बारीक झालेला दोर अरुंद खोबण कोरतो. तीत नवा दोर घातल्यास तो आवळला जाऊन त्याच्या तारा तुटू लागतात.

यास्तव दोर बदलताना खोबण मापावी. २० मिलिमीटर जाडीच्या दोरास तिची त्रिज्या सुमारे ११ मिलिमीटर असावी. रोज कामापूर्वी, यंत्र बंद व भार उतरलेला असताना, कप्पी हाताने फिरवून पाहावी. न फिरणारी कप्पी दुरुस्त केल्याविना कोणासही विहिरीत उतरवू नये.