वर्गाची यादी

(शाळेसाठी लोकांकडून मदत घेण्याची रीत जुनी आहे. संगणकाच्या काळात या जुन्या रीतीला एक नवे रूप मिळाले. ते कोणी दिले, कसे दिले आणि त्यापासून आपण काय शिकावे, हे या पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, महिन्याच्या सुरुवातीला तुमची आई वाणसामानाची यादी करते. तेल किती, साखर किती, साबणाच्या वड्या किती, हे सारे त्या यादीत लिहिलेले असते. 'काहीतरी खायला द्या' असे कोणी यादीत लिहीत नाही. तसे लिहिले, तर दुकानदार काय देणार? यादी नेमकी असली, तरच पिशवी नेमक्या वस्तूंनी भरते.

आता तुमच्या वर्गाची अशीच एक यादी करायची आहे, असे समजा. नकाशा फाटला आहे. खडूची पेटी संपत आली आहे. वाचनालयात गोष्टींची पुस्तके थोडी आहेत. ही यादी तुम्ही कोणाला द्याल? तिचे पैसे कोण देईल? याच प्रश्नाचे उत्तर एका शिक्षकाने शोधले. त्याची हकीकत ऐका.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात ब्रॉंक्स नावाचा भाग आहे. तेथे गरीब कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तेथील विंग्ज अकॅडमी या सरकारी शाळेत २००० साली चार्ल्स बेस्ट नावाचे तरुण शिक्षक सामाजिक शास्त्रे शिकवत होते. मुलांनी 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' हे पुस्तक वाचावे, असे त्यांना वाटत होते; पण सर्वांना पुरतील एवढ्या प्रती नव्हत्या. म्हणून ते स्वतःच्या पैशांनी पुस्तकाच्या पानांच्या छायाप्रती काढत. जेवणाच्या सुट्टीत इतर शिक्षकही हेच बोलत. कोणाला रंग हवे होते, कोणाला पुस्तके हवी होती. जो तो आपल्या खिशातून थोडेथोडे खर्च करत होता.

तुम्ही म्हणाल, अमेरिका तर श्रीमंत देश आहे. तेथील शाळेत वस्तूंची उणीव कशी? याचे एक कारण असे आहे. तेथील सरकारी शाळांच्या पैशाचा मोठा भाग त्या त्या भागातील घरे आणि जमिनी यांवरील करातून येतो. जेथे घरे महाग, तेथे कर जास्त जमतो. जेथे घरे स्वस्त, तेथे कमी जमतो. राज्याकडून आणि देशाच्या सरकारकडून मदत मिळते. तरीही शाळाशाळांत फरक राहतो. तेथील सरकारने २०१४-१५ या शालेय वर्षाची पाहणी केली. सरकारी शाळांतील शंभरांपैकी ९४ शिक्षकांनी त्या वर्षी वर्गासाठी पदरचे पैसे घातले होते. हा खर्च सरासरी ४७९ डॉलर होता आणि तो त्यांना परत मिळाला नव्हता. यावरून ही अडचण किती मोठी आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

बेस्ट सरांनी विचार केला. शाळेला मदत करावी, असे वाटणारे लोक जगात पुष्कळ आहेत. पण आपला पैसा नेमका कशाला लागतो, हे त्यांना कळत नाही. म्हणून त्यांचा हात आखडतो. शिक्षकाने आपली गरज नेमकी लिहावी, देणाऱ्याने ती वाचावी आणि आपल्याला आवडेल ती निवडावी, असे झाले तर? त्यांनी कागदावर पेन्सिलीने आराखडा काढला आणि एका संगणक-जाणकाराकडून त्याचे संकेतस्थळ करून घेतले. त्याचे नाव 'डोनर्सचूज'. 'देणाऱ्यांनी निवडावे', असा त्याचा अर्थ होतो.

पण यादी लिहायला पहिल्यांदा पुढे कोण येणार? बेस्ट सरांच्या आईने नासपतीचा गोड पदार्थ केला. सरांनी तो शाळेत नेला आणि सहकाऱ्यांना सांगितले, 'जो हा खाईल, त्याने एक विनंती लिहिलीच पाहिजे.' अशा रीतीने पहिल्या अकरा विनंत्या तयार झाल्या. एका विनंतीत गोधडी शिवण्यासाठी कापड मागितले होते.

आता विनंत्या झाल्या, पण देणारे कोठे होते? तेव्हा बेस्ट सरांनी त्यांतील बऱ्याच विनंत्यांचे पैसे नाव न सांगता स्वतःच भरले. वस्तू आल्या. शिक्षकांना वाटले, येथे खरोखर देणारे आहेत! ही बातमी इतर शाळांत पसरली आणि आणखी विनंत्या येऊ लागल्या.

पण एका शिक्षकाच्या पगारात हे किती दिवस चालणार? येथे त्यांचे विद्यार्थी मदतीला आले. शाळा सुटल्यावर मुले थांबत आणि हाताने पत्रे लिहीत. अनोळखी लोकांना त्यांनी सुमारे दोन हजार पत्रे पाठवली. त्या पत्रांमुळे सुमारे तीस हजार डॉलर जमले. ज्या मुलांना मदत हवी होती, त्यांनीच ती मदत उभी केली. ही गोष्ट तुम्ही विसरू नका.

पुढे हे काम वाढत गेले. २००३ साली ऑप्रा विन्फ्री यांच्या दूरदर्शनवरील कार्यक्रमात या कामाची माहिती आली. तेव्हा एवढे लोक एकदम आले, की संकेतस्थळच बंद पडले! २००७ पासून अमेरिकेतील सर्व सरकारी शाळांतील शिक्षकांना येथे विनंती लिहिता येऊ लागली. २०१८ च्या मार्च महिन्यात एका कंपनीने २ कोटी ९० लाख डॉलर देऊन त्या वेळी शिल्लक असलेल्या सगळ्या, म्हणजे ३५ हजारांहून अधिक, विनंत्या एकाच वेळी पूर्ण केल्या.

हे काम कसे चालते, ते आता पाहू.

प्रथम शिक्षक ठरलेल्या दुकानदारांच्या मालाच्या यादीतून वस्तू निवडतात. कोणती वस्तू, किती नग आणि किंमत काय, हे सर्व तेथे दिसते. मग ते चार शब्दांत लिहितात, की वर्गात कोण मुले आहेत आणि या वस्तूंनी ती काय शिकतील. संस्थेची माणसे ही विनंती तपासतात. नंतर ती सर्वांना वाचता येते. एक डॉलर दिला तरी चालतो. रक्कम पूर्ण झाली, की संस्था स्वतः वस्तू विकत घेते आणि शाळेच्या पत्त्यावर पाठवते. शिक्षकाच्या हातात रोख पैसे येत नाहीत. वस्तू आल्यावर शिक्षक छायाचित्रे आणि आभाराचे पत्र पाठवतात. पैसा कोठे गेला, याचा हिशेबही देणाऱ्यांना कळतो. चार महिन्यांत रक्कम पूर्ण झाली नाही, तर देणाऱ्याला आपली रक्कम दुसऱ्या विनंतीसाठी वापरता येते.

या रीतीत विश्वास कशावर उभा आहे, ते पाहा. देणारा शिक्षकाला ओळखत नाही. शिक्षकही देणाऱ्याला ओळखत नाही. त्या दोघांच्या मध्ये एक नेमकी यादी आहे आणि एक चोख हिशेब आहे. हे दोन खांब पडले, तर सारे काम कोसळेल.

यादी कशी लिहावी? समजा, एका शिक्षिकेने लिहिले, 'आमच्या शाळेला मदतीची फार गरज आहे. कृपा करून मदत करावी.' वाचणाऱ्याला वाईट वाटेल. पण काय द्यावे, ते कळणार नाही. आता समजा, दुसऱ्या शिक्षिकेने लिहिले, 'माझ्या वर्गात ४० मुले आहेत. शब्दकोश फक्त दोन आहेत. शब्द पाहण्यासाठी मुलांना रांग लावावी लागते. आणखी आठ शब्दकोश मिळाले, तर चार मुलांत एक शब्दकोश होईल.' हे वाचल्यावर ती रांग तुमच्या डोळ्यांसमोर उभी राहते. आठ शब्दकोशांनी काय बदलेल, तेही कळते. पहिल्या शिक्षिकेने आपले दुःख सांगितले. दुसरीने आपले काम सांगितले. काम सांगणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. मदत मागताना मुलांच्या गरिबीचे प्रदर्शन करू नये. ज्याची चप्पल तुटली आहे, त्यालाच पुढे उभे करून छायाचित्र काढले, तर त्या मुलाला काय वाटेल? देणारा दूर असतो; पण तो मुलगा रोज त्याच वर्गात बसतो. म्हणून मुलांची छायाचित्रे देण्यापूर्वी त्यांच्या पालकांची परवानगी घ्यावी लागते. वस्तू शाळेची आणि मान मुलाचा, हे दोन्ही सांभाळले पाहिजेत.

या रीतीला काही मर्यादाही आहेत. ज्या शिक्षकाला चांगले लिहिता येते, त्याची विनंती लवकर पूर्ण होते. ज्याला लिहायला वेळ नाही, किंवा ज्याच्या शाळेत संगणकच नीट चालत नाही, तो मागे राहतो. त्याच्या मुलांची गरज मात्र कमी नसते. शिवाय रंगीत पुस्तके द्यायला लोकांना आवडते; गळके छप्पर दुरुस्त करायला तेवढे आवडेलच असे नाही. म्हणून शाळा चालवण्याची जबाबदारी देणगीदारांवर टाकता येत नाही. आपल्या देशात २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क मिळाला आहे. हक्क मागायचा असतो आणि देणगी मिळाली तर घ्यायची असते. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

शाळेसाठी लोकांनी पुढे येणे आपल्याला नवे नाही. अलीगढ येथे १८७५ साली सर सय्यद अहमद खान यांनी शाळा सुरू केली. तिच्यासाठी त्यांनी शहरोशहरी फिरून चंदा जमवला. आपल्या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी गावोगावच्या बायका मूठभर धान्य बाजूला काढून ठेवत. त्याला मुष्टिफंड म्हणत. ज्या घरात पैसा नव्हता, त्या घरातूनही मूठभर ज्वारी येत असे. गावाची लोकवर्गणी आणि संगणकावरची यादी यांची जात एकच आहे. फरक एवढाच, की गावात देणारा शाळेला ओळखतो आणि संगणकावर यादीने ती ओळख करून द्यावी लागते.

भारत सरकारच्या शिक्षण मंत्रालयाने ७ सप्टेंबर २०२१ रोजी 'विद्यांजली २.०' हे असेच संकेतस्थळ सुरू केले. सरकारी आणि अनुदानित शाळांना आपली गरज तेथे नोंदवता येते. कोणी वस्तू देऊ शकतो, तर कोणी आपला वेळ आणि ज्ञान देऊ शकतो. निवृत्त शिक्षक गणित शिकवू शकतो, सुतार काम दाखवू शकतो. देण्यासाठी श्रीमंतच असावे लागते, असे नाही.

मुलांनो, आता वही उघडा आणि तुमच्या वर्गाची यादी लिहा. प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहा : ती किती हवी, कशासाठी हवी आणि मिळाल्यावर तिची काळजी कोण घेईल. मग यादी पुन्हा वाचा. ज्या वस्तू केवळ हव्याशा वाटतात, त्या खोडा. ज्या तुम्ही स्वतः दुरुस्त करू शकता, त्या वेगळ्या काढा. फाटलेला नकाशा कदाचित कापडाची पट्टी चिकटवून आणखी चार वर्षे चालेल! जी यादी उरेल, ती खरी यादी. ती कोणालाही दाखवायला लाज वाटण्याचे कारण नाही.

शब्दार्थ

वाणसामान – किराणा माल
छायाप्रत – यंत्रावर काढलेली पानाची नक्कल
उणीव – कमतरता
हात आखडणे – देताना मागेपुढे पाहणे
पदरचे पैसे – स्वतःचे पैसे
संकेतस्थळ – संगणकावर माहिती मिळण्याची जागा
चोख – अगदी बरोबर, स्वच्छ
लोकवर्गणी – सर्वांनी मिळून जमवलेला चंदा
गल्लत – चूक, घोटाळा
अनुदानित – सरकारकडून पैशाची मदत मिळणारी

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चार्ल्स बेस्ट कोणत्या शाळेत शिकवत होते?
(आ) 'डोनर्सचूज' या नावाचा अर्थ काय?
(इ) विद्यार्थ्यांनी किती पत्रे लिहिली?
(ई) मुष्टिफंड म्हणजे काय?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) श्रीमंत देशातील शाळांतही वस्तूंची उणीव का असते?
(आ) शिक्षकाच्या हातात रोख पैसे न देता वस्तू का पाठवल्या जात असतील?
(इ) दोन शिक्षिकांच्या विनंत्यांत कोणता फरक आहे?

३. विचार करा आणि वर्गात चर्चा करा.
(अ) बेस्ट सरांनी सुरुवातीला नाव न सांगता स्वतः पैसे भरले. ते तुम्हाला योग्य वाटते का? का?
(आ) 'हक्क मागायचा असतो आणि देणगी मिळाली तर घ्यायची असते.' याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

४. पुढील शब्द उर्दूतही थोड्याफार फरकाने आढळतात. त्यांची उर्दू रूपे आणि अर्थ लिहा. अर्थात फरक वाटला, तर तोही सांगा.
यादी, गरज, हिशेब, कागद, खर्च, किंमत, हक्क, हकीकत

५. पुढील वाक्प्रचार वाक्यांत वापरा.
हात आखडणे, मान खाली घालणे, डोळ्यांसमोर उभे राहणे, ध्यानात ठेवणे

६. उपक्रम
आपल्या वर्गाला हव्या असलेल्या एका वस्तूसाठी दहा ओळींचे विनंतिपत्र मराठीत लिहा. ते बाईंना किंवा सरांना दाखवा आणि मग त्याचे उर्दूत भाषांतर करून घरी वाचून दाखवा.