ब्लाउजच्या कागदावर कुर्ता

चपखल बसलेल्या ब्लाउजचं कागदी कटिंग बायका जिवापाड जपतात, आणि ते रास्तच आहे. दोन-तीनदा उसवून मुंढा जमवलेला असतो. पण त्याच कागदाची लांबी वाढवून कुर्ता कापला, की तो कुर्ता बहुधा माझ्याकडे येतो. दुरुस्तीला.

दिवाळीआधी शेजारणीची सून असाच चंदेरीचा कुर्ता घेऊन आली. "काकू, अंगातला ब्लाउज याच कागदाचा आहे, मग हा का होत नाही?" घालून बघ म्हटलं. डोक्यातून आला आणि छातीवर अडकला. हात वर, तोंड आत. ओढून काढताना बगलेपाशी धागे सरकले आणि शिलाईच्या कडेने जाळी पडली. चंदेरी ताण सोसत नाही.

माप बरोबरच होतं. ब्लाउजला पुढे हूक असतात, त्यामुळे छाती 36 असेल तर तयार ब्लाउज 37 चा चालतो. कुर्ता डोक्यातून घालायचा, त्यात बसायचं-उठायचं; त्याला साडेतीन-चार इंच लूजिंग लागतं. वाढीव अडीच-तीन इंच चार भागांत वाटले की दर भागाला जेमतेम पाऊण इंच येतो. एवढ्याशासाठी अख्खं कापड वाया जातं.

त्याहून मोठी गोम खाली असते. ब्लाउजची बाजूची रेघ छातीकडून आत वळत जाते. तीच सरळ खाली ओढली तर सीटपाशी, जिथे अंग सर्वांत रुंद, तिथे कुर्ता सर्वांत अरुंद होतो. कमरेचे टक्सही ब्लाउजात खालच्या कडेपर्यंत उघडे जातात. कुर्त्यात ते दोन्ही टोकांना निमुळते करून पोटावर मिटवावे लागतात. आणि ब्लाउज छातीखालच्या घट्ट पट्टीवर टिकतो, कुर्ता नुसता खांद्यावर लटकतो. म्हणून ब्लाउजचा खोल मागचा गळा कुर्त्याला जसाच्या तसा दिला की खांदे घसरलेच म्हणून समजा.

तरी तो कागद टाकू नका. खांद्याचा उतार, पाठीची रुंदी, टक्सचं टोक खांद्यापासून किती खाली आणि दोन टोकांत अंतर किती, हे तुमच्या अंगाचं आहे. ते बिनधास्त उतरवून घ्या. लूजिंग, गळा, मुंढ्याची खोली, बाजूची रेघ ब्लाउजची आहे. ती नव्याने आखा. मुंढा अर्धा-पाऊण इंच खाली घेतलात तर बाहीचा गोलही टेप लावून पुन्हा जुळवा. हे हमखास राहतं. कटोरी ब्लाउजचा कागद मात्र या कामाला घेऊच नका, त्याचे तुकडे जोडून सपाट पुढचा भाग होत नाही.

आखणी झाली की आधी मांजरपाटावर कापा. सीटपर्यंत पुरे, बाहीही एकच जोडा. घालून खाली बसा, वरच्या फळीवरचा डबा काढा. बगलेतून छातीकडे तिरप्या चुण्या पडल्या तर मुंढा किंवा छाती आवळतेय. कमरेवर आडव्या पडल्या तर सीट कमी आहे, कुर्ता तिथे अडून वर चढतोय.

नव्या कागदावर पेनाने लिहून ठेवा: कुर्ता, लूजिंग किती, शिलाईची माया धरून की सोडून. ते शेवटचं लिहिलेलं नसलं, तर पुढच्या वेळी माया दोनदा धरली जाते आणि कुर्त्याचा गाऊन होतो.