माझा काटेरी रूम-पार्टनर

हॉस्टेलच्या खोलीत कोणते झाड जगू शकते, यावर एखादा प्रबंध होईल. आमच्याकडे तुळस टिकली नाही, मनी प्लांट पी.एल.मध्ये वाळला. म्हणून सेकंड इयरला ठरवले, की आता ज्याला आपली गरजच नाही असे झाड आणायचे. ऑगस्टमध्ये नर्सरीतून खांबासारखा उभा वाढणारा एक निवडुंग आणला. उंची 20 सें.मी., जाडी 6 सें.मी. नाव विचारले तर नर्सरीवाले म्हणाले, "सिरियस." पार्टनर म्हणाला, "बरं झालं, रूममध्ये कोणीतरी सिरियस पाहिजेच होता!"

खिडकी उत्तरेची, बाहेर आंब्याचे झाड. कुंडी टेबलावर ठेवली आणि दर रविवारी पट्टीने उंची मोजून वहीत लिहू लागलो. जानेवारीपर्यंत उंची 34 सें.मी. झाली. पाच महिन्यांत 14 सें.मी.! निवडुंग सावकाश वाढतात असे वाचले होते, आमचा मात्र सुसाट सुटला होता. मी अभिमानाने तो माळीकाकांना दाखवला. काकांनी वरच्या फिकट, बारीक शेंड्याला हलकेच बोट लावले. शेंडा डुलला. म्हणाले, "वाढत नाय तो. उजेड शोधतोय."

तेव्हा मी पहिल्यांदा जाडी मोजली. जुना भाग 6 सें.मी., नवा भाग 2.5 सें.मी. आता आपण इंजिनिअर लोक, गणित करून बघू. आकारमान व्यासाच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणजे 14 सें.मी.चा तो शेंडा पूर्ण जाडीच्या जेमतेम अडीच सें.मी.इतकाच भरतो. वाकण्याला होणारा विरोध तर व्यासाच्या चौथ्या घातावर जातो. स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्समध्ये कॉलमचे बकलिंग आपण सगळेच शिकतो, त्या हिशेबाने नव्या भागाचा ताठपणा जुन्याच्या सुमारे तेहतिसाव्या हिश्शावर आला होता. वाईट गोष्ट अशी, की असा बारीक झालेला भाग पुढे ऊन मिळाले तरी पुन्हा पुरता भरत नाही. मान बारीकच राहते, वर वजन वाढत जाते आणि एक दिवस तो तिथेच मोडतो. म्हणून निवडुंगाची वाढ मोजायची तर उंचीबरोबर जाडीही मोजावी.

मग खरी वाढ किती असते? ती जातीवर अवलंबून असते. अमेरिकेतल्या ॲरिझोनात सग्वारो नावाचा प्रसिद्ध निवडुंग आहे. तो पहिल्या आठ वर्षांत जेमतेम दीड इंच वाढतो. त्याला पहिली फांदी फुटायलाच साधारण 50 ते 70 वर्षे लागतात, आणि पुढे तो 40 फुटांवरही जातो. त्यामानाने सिरियस फारच घाईचा. भरपूर ऊन आणि मोकळी जमीन मिळाली तर तो वर्षाला फूट-दीड फूटही वाढतो. कुंडीत मुळांना जागा कमी, त्यामुळे वेगही कमी.

हा संथपणा आळस नव्हे. बहुतेक झाडे दिवसा पानांची छिद्रे उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात, पण त्यात पाणीही उडून जाते. निवडुंग रात्रपाळी करतो. छिद्रे रात्री उघडतो, घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारे बंद करून उन्हात त्याचे अन्न बनवतो. पाणी वाचते, पण उत्पादन कमी होते. खोडावरच्या उभ्या धारा म्हणजे हार्मोनियमचा भाता समजा. पाणी मिळाले की फुगतात, संपत आले की आत जातात, आणि साल फाटत नाही.

असो. तो शेंडा मी कापला आणि खालचा भाग तीन आठवड्यांत हळूहळू उन्हात नेला. एकदम नेला तर सालीवर पांढरट-पिवळे चट्टे पडतात, ते कायमचे. एवढे सगळे शिकून मी मोठी चूक केलीच. उन्हाळी सुट्टीत घरी जाताना कुंडी उघड्या गच्चीवर ठेवून गेलो. परत आलो तेव्हा पाऊस चांगलाच लागला होता. बुंधा तपकिरी, मऊ आणि वास मारणारा. ॲरिझोनातल्या टुसॉनला वर्षाला साधारण 300 मि.मी. पाऊस पडतो, आपल्या रत्नागिरीला 3000 च्याही वर, आणि तोही बहुतेक चार महिन्यांत. आपल्याकडे निवडुंग तहानेने क्वचितच मरतो, तो बुडून मरतो.

मी ब्लेड स्पिरिटने पुसून खालून एकेक चकती कापत वर गेलो. शेवटी तपकिरी ठिपका नसलेला 9 सें.मी.चा तुकडा हाती लागला. तो दोन आठवडे सावलीत कोरडा ठेवला. कापलेल्या बाजूवर कोरडी खपली धरल्यावर कोरड्या मिश्रणात उभा केला आणि आठवडाभर पाणी दिले नाही. महिन्याने हलवून पाहिला, तर हलेना. मुळे धरली होती!

आता अनुभवाचे चार शब्द:

माती : एक भाग माती व जुने शेणखत, दोन भाग जाड वाळू आणि जांभ्या चिऱ्याचे बारीक खडे. वाळू नदीची घ्या. भाट्याच्या किनाऱ्यावरून आणू नका, तिच्यात मीठ असते. तळाला नुसता खड्यांचा थर देऊन भागत नाही, वरची माती चिकट असेल तर पाणी त्या थराच्या वरच अडून बसते. खडे सगळ्या मातीत मिसळा.

कुंडी : मातीची, खाली भोक असलेली आणि झाडाच्या मानाने फार मोठी नको.

पाणी : ऑक्टोबर ते मे, माती आतपर्यंत कोरडी झाल्यावरच. साधारण दहा-पंधरा दिवसांनी, पण भरपूर. पावसाळ्यात कुंडी पागोळ्यांपासून आत, उजेडात ठेवा आणि पाणी जवळजवळ बंद.

कीड : धारांच्या खाचेत कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून पुसा.

ओळख : आपल्या कुंपणाचा त्रिधारी निवडुंग कॅक्टस नव्हे. कापला की पांढरा चीक येतो आणि तो डोळ्यांना घातक आहे. उलट घरोघरी रात्री फुलणारे ‘ब्रह्मकमळ’ मात्र खरोखर कॅक्टस आहे! हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळे.

त्या 9 सें.मी.च्या तुकड्याने पुढच्या वर्षभरात 11 सें.मी. भर घातली. पहिल्या वेळेपेक्षा वेग निम्म्याहूनही कमी, पण जाडी तळापासून शेंड्यापर्यंत सारखी. शेंड्याला बोट लावले तर आता बोटालाच काटा टोचतो.

यंदा त्याला बाजूने दोन कोंब फुटले आहेत. एक माळीकाकांना देणार आहे, दुसरा मागेल त्याला मिळेल. कुंडी मात्र स्वतःची आणा, आणि आधी खोलीत ऊन कुठे येते ते बघून ठेवा.