मोबाइल घरी कधी येतो, ते आधी विचारा

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद झाल्या आणि जूनपासून वर्ग मोबाइलवर भरू लागले. नाशिकच्या द्वारका परिसरातल्या एका मराठी शाळेत मी तेव्हा सहावीला गणित शिकवत होते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रोड इथेच मिळतात, त्यामुळे वर्गात रिक्षा-टेम्पो चालवणाऱ्यांची मुलं बरीच. घरात स्मार्टफोन एकच, आणि तो वडिलांबरोबर सकाळीच बाहेर पडायचा.

एक हुशार मुलगी तासाला दिसेचना. फोन केला तेव्हा आई म्हणाली, "मॅडम, मोबाइल ह्यांच्याकडं असतो. रात्री घरी आले की मग बसते ती." त्या रात्री तिने वहीचा फोटो पाठवला. १/२ + १/३ चं उत्तर लिहिलं होतं २/५. तिने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला होता. मी दोन डब्यांवर मोबाइल आडवा ठेवला, खाली पोळीचे सहा सारखे तुकडे मांडले आणि तीन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवला. अर्ध्या पोळीचे तीन, तिसऱ्या हिश्श्याचे दोन. सकाळी उत्तर आलं, ५/६.

म्हणून शिक्षकमित्रांना कळकळीने सांगते. पुन्हा अशी वेळ आली तर वेळापत्रक लावण्याआधी घरोघरी फोन करा. मोबाइल कोणाचा, घरी कधी असतो, भावंडं किती, हे लिहून ठेवा. थेट तास थोडेच घ्या. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या 'प्रज्ञाता' सूचनांतही आठवीपर्यंत दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे जास्तीत जास्त दोनच तास सांगितले होते. एका व्हिडिओत एकच मुद्दा घ्या, म्हणजे डेटा कमी लागतो आणि मूल तो पुन्हा पाहू शकतं. जिथे मोबाइल नाही पण टीव्ही आहे, तिथे सह्याद्री वाहिनीवर तेव्हा लागणाऱ्या 'टिलीमिली'सारखे कार्यक्रम सुचवा. ज्यांच्याकडे दोन्ही नाही, त्यांच्यासाठी गल्लीतल्या एखाद्या ताईला शिकवण्याची विनंती करा.

आणि पडद्यावर नाव दिसलं म्हणून हजेरी लावू नका, वही मागा. मूल कुठे अडलंय ते वहीतच कळतं.

२०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या गर्दीमुळे नाशिकच्या शाळांना काही दिवस घरून शिकवावं लागलं, तर कोणाच्या घरी मोबाइल कधी असतो याची यादी आधीच तयार हवी. ती आत्ता, शाळा सुरळीत चालू असतानाच करायला घ्या.